मेदिंगला मातीखाली जायचं नव्हतं

रविवारची मिस्सा संपली की ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरातले फिलिपिनो लोक चर्चमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जमतात. त्या दिवशी कुणाच्या तरी नातीचा वाढदिवस होता, म्हणून पान्सितच्या शेवयांचा मोठा टोप होता, तळलेल्या लुंपिया रोलची परात होती, आणि नुसतं उभं राहूनही घाम निथळावा असा उकाडा होता. आबे दोन ताटल्या घेऊन आला. एक बायकोच्या, मेदिंगच्या, हातात देत, आज पाऊस पडेलसं वाटत नाही, असं म्हणावं त्या सुरात म्हणाला,

"मनाँग बेबिंगनं दफनभूमीत आपल्या लोकांसाठी एक ओळ धरलीय. आपल्या दोन जागा मी सांगून ठेवल्या."

"कसल्या जागा?"

"कसल्या म्हणजे? शेवटच्या. शेजारी शेजारी."

मेदिंगनं ताटली टेबलाच्या कडेवर ठेवली आणि चालायला लागली. पंख्याखाली बसलेल्या बायकांना त्यात नवल वाटलं नाही. मेदिंगसाठी कुणी खुर्ची धरून ठेवत नसत. पाच मिनिटांत ती उठून भांडी तरी घासायला जाणार, नाहीतर कुणाचं पोर तरी कडेवर घेऊन अंगणात फिरणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

पावसाळ्याआधीचे ते दोन महिने डार्विनमध्ये वाईटच असतात. आभाळ रोज दुपारी फुगतं, गुरगुरतं आणि न पडताच विरून जातं. कुत्री चावतात, नवराबायको भांडतात, शहाणीसुरती माणसं क्षुल्लक कारणावरून नोकरी सोडतात. मेदिंगचा मात्र हा मोसम बारमाही होता. पायाला भिंगरीच बांधलेली. लग्न झाल्यापासून तिनं आबेला किती घरं बदलायला लावली त्याला गणती नव्हती. एका घरात वारा येत नव्हता, दुसऱ्यात फारच येत होता, तिसऱ्याचं कारण तिला स्वतःलाही सांगता आलं नाही. आबे शहर बससेवेत ड्रायव्हर. तो म्हणायचा, "कामावर गेलं की मला विश्रांती मिळते. बस फिरते खरी, पण तिचा मार्ग तरी ठरलेला असतो."

लग्नाच्या पहिल्या वर्षी झाडताना त्याला पलंगाखाली भरलेली बॅग सापडली होती. शेजारी तिचे बूट, दाराकडे तोंड करून, नाड्या सैल. बिचाऱ्याला वाटलं, बायको सोडून जाणार. पुढचे कितीतरी दिवस तो रोज काही ना काही घेऊन घरी यायचा, आंबे, चपला, एकदा तर जिवंत खेकडे. शेवटी न राहवून विचारलं तेव्हा मेदिंग पोट धरून हसली. "अरे वेड्या, पळायचंच असतं तर बॅग तुझ्या झाडूला लागेल अशी ठेवली असती का?" मग ती बॅग कशासाठी, ते तिनं सांगितलं नाही. आबेला ते पुढं तुकड्या-तुकड्यानं कळलं.

तर त्या रविवारी गाडीत बसल्यावर भांडण झालं.

"मरणाचं बोललो तर एवढं काय झालं?" आबे म्हणाला. "आपण काय आता कोवळे आहोत?"

"तू घे ना जागा. ऐसपैस झोप."

"आणि तू?"

"मी मातीखाली जाणार नाही."

"मग काय आंब्याच्या झाडावर बसवू तुला?"

"मला जाळा. राख समुद्रात सोडा."

आबे उत्तर फिलिपिन्समधल्या इलोकोसचा, सात पिढ्या दगडी चर्चच्या सावलीत पुरलेल्या घरातला. जाळण्याचं नाव काढताच तो बिथरला, आणि बोलू नये ते बोलून गेला. "जन्मभर राखेला भिऊन पळालीस, आणि शेवटी राखच होणार म्हणतेस?"

दोन सिग्नल गेल्यावर आबे हळूच म्हणाला, "चुकलं माझं."

मेदिंगचं माहेर फिलिपिन्सच्या पाम्पांगा प्रांतात, पिनातुबो या ज्वालामुखी डोंगराच्या पायथ्याकडच्या एका वाडीत. आई ती लहान असतानाच गेली होती. बाप पोन्सियानो, पोरींचा तातांग, गावच्या बँडमध्ये सगळ्यात मोठा पितळी भोंगा वाजवायचा. एरवी बदकं पाळायचा. थोरली लोलेंग, जिला मेदिंग आची म्हणायची, ती शांत, घर धरून राहणारी. धाकटी मेदिंग मात्र वाऱ्यावरची. सुगीनंतर शेतात पाणी सोडलं की मातीतून कामारू, म्हणजे रातकिड्यांसारखे किडे, वर यायचे. ते पकडण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. व्हिनेगर-लसणात परतलेले कामारू तातांगच्या आवडीचे. "ही माझी पोरगीच कामारू आहे," तो बँडवाल्यांना सांगायचा. "धरायला जावं तर हातातून सटकते."

नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला, उंदासला, म्हणजे मेलेल्यांच्या सणाला, सगळी वाडी स्मशानात राहायला जायची. थडग्यांना आदल्या आठवड्यात चुना लागलेला असायचा. आईच्या थडग्यावर चादर अंथरून जेवण मांडायचं, म्हातारे पत्ते खेळायचे, पोरं ओघळलेलं मेण गोळा करून त्याचे चेंडू वळायची. संध्याकाळी बँड यायचा आणि दोन थडग्यांमधल्या चिंचोळ्या वाटेनं वाजवत जायचा. तातांग आईच्या थडग्यापाशी आला की भोंग्याचा एक सूर इतका लांबवायचा की मागचे बँडवाले चिडायचे. मेदिंगचं पहिलं प्रेमही तिथंच, क्लॅरिनेट वाजवणाऱ्या पोरावर, जमलं आणि पुढच्या उंदासला तिथंच मोडलं. मेलेल्यांची भीती म्हणजे काय हे तिला माहीतच नव्हतं.

डोंगर फुटला तेव्हा वाडी वाचली. छपरांवरची राख लोकांनी फावड्यांनी उपसली आणि पुन्हा संसार सुरू केला. पण राख वर डोंगरात साठून राहिली होती. काही वर्षांनी एका वादळात ती पाण्याबरोबर खाली आली. गावचे लोक तिला लाहार म्हणतात. ऐन दुपारी नदीच्या बाजूनं, सिमेंट कालवल्यासारखा, करड्या रंगाचा गरम चिखल येऊ लागला. तातांग दोन्ही पोरींना घेऊन शाळेच्या गच्चीकडे धावला. जिन्यापाशी पोचल्यावर थबकला. "भोंगा," म्हणाला. "बँडचा आहे. माझा असता तर सोडला असता." आची त्याच्या सदऱ्याला धरून ओरडत होती. "आलोच," म्हणाला आणि गेला.

गच्चीवरून त्या दोघींनी रस्ता नाहीसा होताना पाहिला. आधी कुंपणं गेली, मग खिडक्या, मग पपईची झाडं. दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा जिथं वाडी होती तिथं एक सपाट करडं मैदान होतं, मधून छपरांचे आणि चर्चच्या मनोऱ्याचे तुकडे वर आलेले. स्मशान कुठं होतं तेही सांगता येईना. आई खाली गेली, बापही खाली गेला. कुठं, ते कुणालाच ठाऊक नाही. दोघी बहिणी लोखंडी गजानं चिखल टोचत हिंडल्या. मग तो वाळून दगड झाला.

आची पुनर्वसनाच्या वसाहतीत राहिली. तिथंच लग्न केलं, तांदळाच्या गोड वड्या करून विकू लागली. मेदिंग निघाली ती थांबलीच नाही. हाँगकाँगला घरकामाला, तिथून तैवानला कारखान्यात, तिथून डार्विन. इथं तिला आबे भेटला. तो नाच बरा करायचा आणि प्रश्न कमी विचारायचा.

डार्विनमध्ये ती एका वृद्धाश्रमात काम करायची. म्हाताऱ्यांना उठवणं, न्हाऊ घालणं, भरवणं, फिरवणं. कामात बसायची सोय नव्हती म्हणूनच ते तिला मानवलं होतं. तिथं थेमेलिना नावाची एक ग्रीक म्हातारी होती. सगळे तिला याया म्हणत. दिवसभर बूट घालून, पर्स मांडीवर घेऊन, मुख्य दाराजवळच्या खुर्चीत बसलेली. कुणी विचारलं की म्हणायची, "निघालेच आहे."

मेदिंगचं आणि तिचं जमायचं.

"काय गं पोरी, तुला घर नाही वाटतं? सारखी इथंच दिसतेस."

"आहे की, याया."

"मग जा ना."

"तुम्हालाही खोली आहे. तुम्ही का नाही जात?"

"मी निघालेच आहे."

दोघी हसायच्या.

भांडणानंतर दीड आठवड्यानं उंदास आला. सकाळी बेबिंगचा फोन. मनाँग बेबिंग म्हणजे इथल्या इलोकानो लोकांची थोरली बहीण. लग्न असो, मयत असो, तिच्यावाचून पान हलत नसे.

"काय गं, तुझ्या मेणबत्त्या घेऊ का? दुपारपासून सगळे दफनभूमीत आहोत."

"माझं कोण आहे तिथं, मनाँग?"

"कुणी नसलं म्हणून काय झालं? जेवण तर आहे!"

"मला ड्यूटी आहे."

ती तिनं मुद्दाम मागून घेतली होती. दर वर्षी तसंच करायची. संध्याकाळी घरी येऊन मागच्या पायरीवर एक मेणबत्ती लावायची, आणि उकाड्यानं ती पेटण्याआधीच कमरेत वाकायची.

दुपारच्या चहाला यायाची खुर्ची रिकामी दिसली. आधी वाटलं, संडासात असेल. मग वाटलं, बागेत. पावाची गाडी आली होती तेव्हा फाटक उघडं राहिलं होतं, हे कुणाच्या तरी ध्यानात आलं आणि एकच धावपळ उडाली. सुपरवायझर बाई छत्री घेऊन रस्त्यावर धावली. मेदिंग मागच्या गल्लीत हाका मारत फिरत असताना खिशातला फोन वाजला. आबे होता. भांडण झाल्यापासून कामावरून त्यानं फोन केला नव्हता.

"तुझी ती ग्रीक म्हातारी माझ्या बसमध्ये बसलीय."

"देवा! उतरव तिला!"

"उतरवत होतो. तर म्हणते, आधी तुझं लायसन दाखव."

"आबे!"

"अगं, बरी आहे ती. पाणी प्यायलीय, एसी चालू आहे. शेवटच्या थांब्याशिवाय उतरणार नाही म्हणते. तू गाडी घेऊन तिथंच ये." मग घाईघाईनं म्हणाला, "दफनभूमीचा थांबा आहे. मी मुद्दाम नाही केलं हं मेदिंग. मार्गच तो आहे."

ती पोचली तेव्हा बस रिकामी होती आणि आबे बाहेर रुमालानं मान पुसत उभा होता. याया पुढच्या सीटवर ताठ बसलेली. मेदिंगला बघून तिला जराही आश्चर्य वाटलं नाही. "आलीस? बरं झालं. हात दे. याची पायरी उंच आहे."

"याया, घरी चला. सगळे शोधताहेत."

"आधी पांतेलिसकडे. आज त्याचा दिवस आहे."

आबेला बस परत न्यायची होती. त्यानं मेदिंगकडे पाहिलं आणि दार लावून निघून गेला. मेदिंगनं सुपरवायझरला फोन केला, सापडली म्हणून सांगितलं, आणि पलीकडून ओरडा सुरू झाला तसा फोन खिशात टाकला.

दफनभूमीच्या एका टोकाला ताडपत्र्या ताणलेल्या होत्या, भाजलेल्या डुकराचा वास येत होता, रेडिओ चालू होता. आपलेच लोक. मेदिंगनं तिकडं पाठ केली आणि म्हातारीचा दंड धरून ग्रीकांच्या बाजूला वळली. तिकडं सगळं संगमरवरी, काचेखाली अंडाकृती फोटो. एका फोटोत जाड भुवयांचा, देखणा तरुण माणूस. यायानं पर्समधून रुमाल काढला, थुंकी लावली आणि त्याचं तोंड खसाखसा पुसलं.

"आले बघ," ती त्याला म्हणाली. "बसनं आले. तिकीट काढलं नाही. ड्रायव्हर चांगला होता, पण लायसन दाखवेना." मग आपल्या भाषेत बराच वेळ काहीबाही बोलली. सूर तक्रारीचा होता. मध्येच एकदा तिनं दगडावर चापटही मारली.

मेदिंगनं क्रूसाची खूण केली. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "फार वर्षं झाली असतील ना याया? कशानं गेले?"

"समुद्रानं. मोत्याचे शिंपले काढायला बुडी मारायचा. दोरी वर आली, पांतेलिस नाही आला."

"मग नंतर सापडले?"

"कोण सापडतंय!"

"मग इथं..."

"इथं कोट आहे," याया म्हणाली. "लग्नातला. पेटीत घालून पुरला. पाद्री नको म्हणत होता, असं करत नाहीत म्हणाला. मी म्हटलं, बाबा, मी भांडायचं कुणाशी? समुद्राशी? समुद्र केवढा मोठा आहे! मला भांडायला एक दगड तरी दे."

मेदिंग खाली बसली. उन्हानं तापलेल्या फरशीवर, पाय पसरून, लहान पोरीसारखी. रडली म्हणावं तर डोळ्यांत पाणी नव्हतं. फक्त छाती धपापत होती, लांबून पळत आल्यासारखी.

"ऊठ गं, ढुंगण भाजेल," म्हातारी म्हणाली.

एव्हाना बेबिंगनं त्यांना लांबून पाहिलं होतं. ती तरातरा आली, कसलीही विचारपूस न करता दोघींना ताडपत्रीखाली नेलं आणि पुढ्यात ताटल्या ठेवल्या. यायाला बिको, नारळाचा गोड चिकट भात, इतका आवडला की तिनं रुमालातही बांधून घेतला. मेदिंग उभ्यानंच चार घास खात होती. तिनं विचारलं, "मनाँग, ती ओळ कुठली?"

बेबिंगनं दाखवली. खुंट्या ठोकून दोरी ताणलेली लाल जमीन, कडेला वाळलेलं गवत. मेदिंग दोरी ओलांडून आत गेली. टाच उचलून तिनं जमिनीवर एकदा आपटली, मग आणखी जोरात.

"कडक आहे," ती म्हणाली.

"मग काय चिखल असणार का?" बेबिंग म्हणाली आणि लगेच तिनं जीभ चावली. पण मेदिंग हसली.

यायाला परत पोचवल्यावर सुपरवायझरनं मेदिंगला खोलीत बोलावून चांगलंच झापलं. सापडल्यावर ताबडतोब आणायचं सोडून पंगतीला बसवलीत? मेदिंगनं ऐकून घेतलं. यायानं मात्र दाराजवळच्या आपल्या खुर्चीतून ओरडून सांगितलं की पुढच्या वर्षी याहून लवकर निघायचं, उन्हाचा त्रास होतो.

आबे कामावरून आला तेव्हा मेदिंग ओट्याशी लसूण ठेचत होती.

"त्यातल्या एका जागेवर तातांगचं नाव घालायचं," पाठमोरीच ती म्हणाली.

आबे बूट काढता काढता थांबला. "बरं. आणि आत काय ठेवायचं?"

"काही नाही. जमीन खणायचीच नाही. वर नुसता दगड."

"आणि तू?"

"माझं ठरलेलं नाही."

"म्हणजे मी एकटाच तुझ्या बापाशेजारी झोपू? मी त्या माणसाला कधी पाहिलंसुद्धा नाही!"

"चांगला होता. घोरायचा फक्त."

आबेला हसू आवरेना. बूट हातात तसाच धरून तो स्टुलावर बसला आणि हसता हसता डोळे पुसू लागला. "मग तिसरी जागा सांगून ठेवू का? नुसती सांगून?"

"ठेव. पण माझं नाव लिहू नकोस."

अवघड काम पुढंच होतं. आचीला फोन लावला तर ती पडद्यावर तांदूळ निवडत बसलेली. ऐकून घेतलं आणि सूप खाली आपटलं.

"तातांग इथं आहे. तू त्याला परदेशात कशाला नेतेस? स्वतः तर थांबली नाहीस, आता त्यालाही उठवतेस?"

"आची, इथं म्हणजे कुठं?"

मागं कुणाचा तरी कोंबडा आरवत होता.

"कुठं, सांग ना. मी तिथं येते, मेणबत्ती लावते. कुठं लावू?"

"मी कुठं लावते?" आची म्हणाली. "मी दर उंदासला त्याचं ताट वाढते आणि दाराशी ठेवते. कुत्रं खातं." मग तिनं नाक शिंकरलं. "नाव तरी नीट घाला. पोन्सियानो. पोन्सिंग नाही, त्याला आवडायचं नाही. आणि तारीख घालू नकोस."

"जन्माची घालते."

"जन्माची घाल. दुसरी नको."

"नको."

"आणि गावाचं नाव घाल. नकाशात नाही म्हणून तिथले लोक नको म्हणतील, पण घाल."

कोरडा मोसम सुरू झाल्यावर दगड बसला. फादरनं आशीर्वाद दिला, बेबिंगनं जेवण केलं. आबे सासऱ्याच्या दगडाशी जरा अवघडून उभा होता, पहिल्यांदाच भेटलेल्या माणसासमोर उभं राहावं तसा. सगळे पांगल्यावर मेदिंग दगडाजवळ गेली आणि आपल्या बोलीत, जी त्या अख्ख्या मैदानात दुसऱ्या कुणालाही कळली नसती, मोठ्यानं बोलू लागली. भोंगा कुणाचा होता? बँडचा. मग बँडवाल्यांनी आणला असता. पोरी कुणाच्या होत्या? असं बरंच. पहिल्याच दिवशी तिनं बापाला धारेवर धरलं.

तिच्या पायाची भिंगरी सुटली असं मात्र कुणी समजू नये. याच घरात त्यांचं दुसरं वर्ष सरायच्या आत नळाच्या पाण्याला वास येतो म्हणून ती नवीन घरं बघू लागली. कामावरून सुटली की वाकडी वाट करून दफनभूमीत जाते, उभ्या उभ्या तातांगला दिवसाचं सगळं सांगते, थोडं भांडते. महिन्यातून एकदा, रीतसर परवानगी काढून, यायाही बरोबर असते. परवा बेबिंग तिथं फुलं ठेवायला आली होती. म्हणाली, "अगं, आलीच आहेस तर बस की जरा. सावली आहे."

"बसायला वेळ कुठाय, मनाँग," मेदिंग म्हणाली. "करामा भागात एक घर बघायचंय. आबे बाहेर गाडी चालू ठेवून बसलाय."